गावठी गुलाब आणि सुगंधाचा वाटा



चळवळीतल्या माणसाने घरी गुलाब लावावा का? हा प्रश्न आम्हाला कोणी चेष्टेने विचारलेला नाही. आमच्या घरी अभ्यासवर्गाला येणाऱ्या एका तरुण कार्यकर्त्याने बाल्कनीतल्या कुंड्यांकडे पाहून विचारले, "ताई, दादा, इकडे पोरांच्या शिष्यवृत्त्या थकल्यात, तिकडे वस्त्यांवर हल्ले होतात, आणि तुम्ही गुलाबाला खत घालत बसलात. हा मध्यमवर्गीय नाद नाही का?" प्रश्न रास्त आहे. नोकरी लागली, फ्लॅट घेतला आणि चळवळ विसरली, अशी माणसे आपल्यात कमी नाहीत. त्यामुळे हसून विषय टाळण्यापेक्षा सविस्तर उत्तर दिले पाहिजे, असे आम्हा दोघांना वाटले.

आम्ही भूगावला राहतो. चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याला लागले की बावधननंतर भूगाव येते. मुळशी तालुका हा भाताचा तालुका. पण त्याच्या या पुण्याकडच्या तोंडाशी आता खाचरांच्या जागी इमारती, हॉटेले आणि लग्नाची लॉन्स उभी आहेत. आमच्या दोन खोल्यांच्या घराला पूर्वेकडे एक छोटी बाल्कनी आहे. तिथे पाच कुंड्यांत गावठी गुलाब आहे. फूल मध्यम आकाराचे, फिक्या गुलाबी रंगाचे, पाकळ्यांनी गच्च भरलेले. देठ आखूड. तोडून ठेवले तर दुसऱ्या दिवशी पाकळ्या गळतात. पण सकाळी बाल्कनीचे दार उघडले की वास थेट स्वयंपाकघरापर्यंत येतो.

मावळात तळेगावच्या बाजूला हरितगृहांत पिकणारा गुलाब अगदी वेगळा. फेब्रुवारीत व्हॅलेंटाइन डेसाठी तो परदेशी जातो. दांडी लांब आणि सरळ, कळी घट्ट. नाकाशी धरा, वास नसतो, असला तर नावापुरता. कारण या जाती तयार करताना दांडी किती लांब आणि फूल किती दिवस टिकते हे पाहिले गेले, वासाला भाव नव्हता. ज्याला बाजारात भाव नाही ते हळूहळू नाहीसे होते. फुलांच्या बाबतीत हे जितके खरे आहे तितकेच माणसांच्या कलांच्या आणि बोलींच्या बाबतीतही खरे आहे.

आमच्या या गुलाबाची मूळ फांदी आईची. आईने बारा वर्षे एका मंगल कार्यालयात झाडूकाम केले. रात्री लग्न उरकायचे आणि सकाळी सहाला तिची पाळी सुरू व्हायची. स्टेजवरच्या कमानी, खांबांना गुंडाळलेल्या माळा, पायघड्यांवर उधळलेल्या पाकळ्या रात्रीतून मलूल झालेल्या असायच्या. ते सगळे ओढून काढायचे, पोत्यांत भरायचे, गाडीत टाकायचे. हातमोजे नसत. तारा आणि काटे बोटांत घुसत. आई अजूनही म्हणते, "लाखाची फुलं उचलली मी, पण ताजं फूल काही बघितलं नाही." वस्तीतल्या घराच्या दाराशी डालड्याच्या डब्यात तिने एक गावठी गुलाब लावला होता. कार्यालयातली एवढी फुले हाताखालून जात असताना तिला स्वतःचे एक फूल का हवे होते, हे आम्हाला लहानपणी कळत नव्हते. आज कळते.

ही गोष्ट एकट्या आमच्या आईची नाही. थेरगाथेत सुनीत थेरांच्या गाथा आहेत. आपण नीच मानलेल्या, गरीब कुळात जन्मलो आणि कोमेजलेली फुले उचलून टाकणे हे आपले काम होते, असे ते स्वतः सांगतात. लोक त्यांचा तिरस्कार करत आणि ते सर्वांपुढे मान खाली घालत. एके दिवशी तथागत भिक्खुसंघासह नगरात प्रवेश करताना त्यांना दिसले. सुनीतांनी खांद्यावरची कावड खाली ठेवली, जवळ जाऊन वंदन केले आणि प्रव्रज्या मागितली. तथागतांनी त्यांना भिक्खू म्हणून बोलावले. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची मान खाली घालायला लावली, त्या व्यवस्थेचे देव पुढे सुनीतांपुढे हात जोडून उभे राहिले, असे त्या गाथा सांगतात. अडीच हजार वर्षांपूर्वी फुलांचा वास कोणी घ्यायचा आणि कोमेजलेली फुले कोणी उचलायची याची वाटणी झालेली होती, याचा हा पुरावा आहे. पौड रस्त्यावरच्या लॉन्सवर सकाळी सहाला जाऊन बघा. वाटणी फारशी बदललेली नाही.

आपल्या पुण्यातच याचा आणखी एक पुरावा आहे. महात्मा फुल्यांच्या घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. पेशव्यांच्या दरबाराला फुले, हार, गजरे पुरवण्याच्या कामावरून ते 'फुले' झाले. म्हणजे या घराण्याची फुले दरबारात चालत होती. माणूस मात्र चालत नव्हता. त्याच घरातले जोतीराव १८४८ साली एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत गेले तेव्हा त्यांना शूद्र म्हणून अपमानित केले गेले. माळ्याने पिकवलेले फूल नवरदेवाच्या गळ्यात, पण माळ्याचा मुलगा वरातीत नको! जातिव्यवस्था श्रमाचे फळ घेते आणि श्रम करणाऱ्याला दाराबाहेर ठेवते, हे समजायला याहून सोपे उदाहरण सापडणार नाही.

आणि सावित्रीमाई? शाळेत जाताना अंगावर शेण-चिखल झेलणाऱ्या या बाईने १८५४ साली 'काव्यफुले' प्रसिद्ध केले. त्यात शिक्षणावरच्या, इंग्रजी शिकण्यावरच्या कविता आहेत. त्याच पुस्तकात पिवळ्या चाफ्यावर, जाईवर आणि गुलाबावरही कविता आहेत. माईंपेक्षा जास्त संघर्ष आपण करतो, असे आपल्यापैकी कोण म्हणू शकेल? त्यांना फुलाकडे पाहायला वेळ मिळाला आणि त्यामुळे त्यांची शाळा बंद पडली नाही. म्हणून फुलाकडे पाहणे म्हणजे लढाईतून पळणे, हा युक्तिवाद आम्हाला मान्य नाही.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले. अस्पृश्यतेची खूण सांगणारी लुगडे नेसण्याची पद्धत सोडा, कथलाचे आणि गिलटाचे जड दागिने टाका, स्वच्छ आणि नीटनेटक्या राहा, असे त्यांनी सांगितले. पाण्याच्या हक्काची लढाई चालू असताना बाबासाहेब लुगड्याबद्दल का बोलले? कारण गुलामी फक्त कायद्यात नसते, ती अंगावर, घरात, दाराशीही दिसत असते. कुरूपता ही आपल्यावर लादलेली गोष्ट होती. चांगले नेसणे, चांगल्या घरात राहणे, चांगला वास घेणे ही चैन आहे असे तेच म्हणतात ज्यांच्याकडे ते पिढ्यान्‌पिढ्या आहे.

इथे आमच्या इमारतीतला एक अनुभव सांगतो. आम्ही राहायला आलो तेव्हा शेजारच्या एक काकू रोज सकाळी छोटी वाटी घेऊन यायच्या. देवपूजेला एक गावठी गुलाब हवा असायचा. आम्ही आनंदाने देत होतो. आईला तर कौतुक होते, तिच्या फांदीचे फूल कोणाच्या तरी घरात ताजे जात होते. १४ एप्रिलला आम्ही बाल्कनीत बाबासाहेबांची प्रतिमा ठेवली, निळे झेंडे लावले. पंधराव्या तारखेपासून वाटी आली नाही. कोणी वाईट शब्द बोलले नाही, भांडण झाले नाही. जिन्यात भेटल्यावर हसणेही चालू राहिले. फक्त वाटी आली नाही. फूल तेच, झाड तेच, माती तीच होती. बदलली होती ती त्या फुलामागच्या हातांबद्दलची माहिती. शहरात जात उरली नाही असे म्हणणाऱ्यांनी त्या वाटीचे काय झाले ते सांगावे.

काही महिन्यांनी त्याच घरातली शाळकरी मुलगी गुलाबाची फांदी मागायला आली. शाळेत कलम करून दाखवायचे होते. आपल्यातल्या काहींनी ऐकल्यावर सांगितले, "कशाला द्यायची? त्यांना आपले फूल चालत नाही ना!" आम्ही फांदी दिली. फांदी नाकारून आपण फक्त त्यांच्या नियमाने खेळलो असतो. देताना तिला सांगितले, ही फांदी आमच्या आईच्या डालड्याच्या डब्यातली आहे आणि आई लग्नाच्या कार्यालयात झाडू मारायची. तिने वहीत लिहून घेतले. पुढे काय होईल ते तिच्यावर सोडले.

आणि ज्यांना वाटते की कुंडी ही क्षुल्लक गोष्ट आहे, त्यांनी ७ जुलै २०२० ची संध्याकाळ आठवावी. दादरच्या हिंदू कॉलनीतल्या राजगृहावर हल्ला झाला तेव्हा काय फोडले गेले? सीसीटीव्ही कॅमेरा, खिडक्यांच्या काचा आणि अंगणातल्या फुलझाडांच्या कुंड्या. बाबासाहेबांच्या ग्रंथांसाठी बांधलेल्या त्या वास्तूत कुंड्यांनी कोणाचे काय बिघडवले होते? पण आमचा माणूस पुतळ्यात असलेला काहींना खपतो. तो घरात राहतो, पुस्तके वाचतो, झाडांना पाणी घालतो, हे खपत नाही. आंबेडकर कुटुंबीयांनी त्या वेळी जनतेला शांततेचे आवाहन केले आणि समाजाने ते पाळले. फुटलेली कुंडी पुन्हा भरणे हेही एक उत्तरच असते.

आता 'गावठी' या शब्दाकडे येऊ. गावठी म्हणजे कमअस्सल आणि कलमी म्हणजे भारी, असे आपण सहज बोलतो. नर्सरीतल्या कलमी गुलाबाच्या झाडाला नीट बघा. खाली एक खुंट असतो, रांगडा आणि चिवट. त्याच्यावर दुसऱ्या जातीचा डोळा भरलेला असतो. मातीत मुळे खुंटाची, पाणी ओढणार खुंट, रोगाला तोंड देणार खुंट, आणि नाव मात्र वरच्या फुलाचे. खुंटाला स्वतःचा फुटवा आला की 'जंगली फुटवा' म्हणून तो मुळापासून कापायचा, अशी सूचना नर्सरीवाला हमखास देतो. बागकामाच्या दृष्टीने ती सूचना बरोबरच आहे. पण आम्हाला ती ऐकताना गावगाडा आठवतो. वासाचा जुना 'एडवर्ड' गुलाब आपल्या देशात असाच खुंट म्हणूनही वापरला गेला आहे. गावठी गुलाबाची फांदी मात्र थेट मातीत लावता येते. तो स्वतःच्या मुळांवर उभा राहतो आणि स्वतःचेच फूल देतो. खालून आलेला फुटवाही त्याचाच असतो, तो कापावा लागत नाही.

शुद्धतेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी गुलाबाचा इतिहासही वाचावा. 'गुलाब' हा शब्दच फारसी: गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी. मूळ अर्थ गुलाबपाणी. अत्तराचा दमास्क गुलाब सीरियातल्या दमास्कस शहराचे नाव सांगतो, आणि २००० साली जपानी संशोधकांनी डीएनए तपासून दाखवले की तो तीन वेगवेगळ्या जंगली गुलाबांच्या संकरातून झाला आहे. एडवर्ड गुलाब हिंदी महासागरातल्या तेव्हाच्या बूर्बों, म्हणजे आजच्या रीयुनियन बेटावरच्या गुलाबांच्या गटातला. तिथे शेतांच्या कुंपणाला दमास्क आणि चिनी असे दोन गुलाब शेजारी लावत आणि त्यांच्या मिसळीतून हा गट जन्मला. त्या बेटावरचे मळे गुलामांच्या श्रमावर चालत होते. १८४८ साली तिथली गुलामगिरी संपली आणि त्यानंतर भारतातूनही करारबद्ध मजूर तिथे नेले गेले. युरोपात ज्याला बुटका, घमघमीत जुना गुलाब म्हणून आज नावाजतात तो 'रोझ द रेश्त' इराणच्या रश्त शहराचे नाव लावतो. तो एका इंग्रज बाईंनी १९४० च्या दशकात इंग्लंडमध्ये प्रसिद्धीला आणला. बाईंचे नाव पुस्तकांत आहे. इराणच्या ज्या माळ्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या जपला त्यांची नावे कुठेही नाहीत. बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन' मध्ये डॉ. भांडारकरांचा हवाला देऊन दाखवले आहे की परक्या रक्ताची मिसळ नसलेला वर्ग भारतात क्वचितच सापडेल. गुलाबाचेही तेच आहे. ज्याला जगातले सर्वांत सुंदर फूल म्हणतात ते आंतरजातीय आहे!

आता कृतीकडे येऊ. ज्यांना हा गुलाब लावायचा आहे त्यांच्यासाठी आमचा अनुभव असा.

पावसाळा संपला की ऑक्टोबरच्या मध्यात छाटणी करा आणि त्याच काड्या लावायला घ्या. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, चार-पाच डोळे असलेली काडी घ्या. खालचा काप डोळ्याखाली तिरका द्या, खालची पाने काढा, दोन डोळे मातीत जातील अशी खोचा. सावलीत ठेवा आणि माती ओलसर राहू द्या, चिखल नको. महिना-दीड महिन्यात मुळे धरतात. काडी ओढून बघण्याचा मोह टाळा. दहा काड्यांतल्या चार जगल्या तरी चांगले.

रोप मोठे झाले की बारा इंची कुंडीत हलवा. कुंडी विकत घ्यायलाच हवी असे नाही, रंगाच्या डब्याला तळाशी भोके पाडली की काम होते. निम्मी माती, पाव हिस्सा कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, आणि पाव हिस्सा भाताचे तूस. मुळशीत भाताच्या गिरणीवर तूस सहज मिळते. मूठभर निंबोळी पेंड आणि थोडा हाडांचा चुरा घाला. हो, हाडांचा चुरा! ज्या हाडांना हात लावला म्हणून आपल्या पूर्वजांना विटाळ ठरवले, तीच हाडे आज छापील पाकिटात भरून सोवळ्या घरांच्या बाल्कनीत जातात आणि तिथल्या गुलाबाला चालतात.

किमान पाच-सहा तास ऊन हवे. पाणी सकाळी, मुळाशी, पानांवर नको. १९२१ साली ज्या तालुक्यात धरणाविरुद्ध मुळशी सत्याग्रह उभा राहिला, त्याच तालुक्यात आम्ही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतो. म्हणून तांदूळ-डाळ धुतलेले पाणी आम्ही कुंड्यांनाच देतो. पावसाळ्यात इथे पुणे शहरापेक्षा पाऊस जास्त आणि हवा दमट. पानांवर काळे ठिपके पडतात. अशी पाने तोडून टाका, गळलेली उचला, कुंड्या भिंतीपासून थोड्या दूर ठेवा म्हणजे वारा खेळेल. खोडावर पांढरट खवले कीड दिसली तर जुन्या टूथब्रशने घासून काढा. माव्याला पाच टक्के निंबोळी अर्क पुरतो. छाटणी जपून करा. कलमी गुलाबासारखा हा बुडाशी कापू नका, वरचा तिसरा हिस्सा आणि वाळलेल्या काड्या काढल्या की झाड कमरेएवढे आटोपशीर राहते. रासायनिक फवारणी केली नसेल तर पाकळ्यांचा गुलकंद होतो. काचेच्या बरणीत पाकळी आणि साखर समान वजनाने थरावर थर भरा, तीन-चार आठवडे उन्हात ठेवा आणि अधूनमधून हलवा.

एक गोष्ट चळवळीला थेट सांगायची आहे. जयंतीला आणि ६ डिसेंबरला हार-फुलांऐवजी वही-पेन घेऊन या, हे आवाहन आपल्यातल्या तरुणांनीच केले आणि ते योग्यच आहे. विकतच्या हारांचे ढीग बाबासाहेबांना नको होते. वही-पेनाबरोबर घरच्या झाडाचे एक फूल आणा, एवढे पुरे. बुद्धवंदनेत आपण फूल वाहतो तेव्हा काही मागत नाही. हे फूल कोमेजते तसे हे शरीरही कोमेजणार, याचे स्मरण करतो. मग ते कोमेजलेले फूल उचलणे हाही वंदनेचाच भाग आहे. कार्यक्रम संपल्यावर व्यासपीठावरची फुले ज्यांनी भाषणे केली त्यांनीच उचलावीत, सफाई करणाऱ्या ताईंसाठी ठेवू नयेत. आणि आपल्या घरचे लग्न लॉनवर असेल तर ठरवतानाच मालकाला दोन प्रश्न विचारावेत: सकाळी फुले उचलणाऱ्यांना हातमोजे देता का, आणि किमान वेतन देता का? शिष्यवृत्तीचा मोर्चा आणि हा प्रश्न एकाच लढाईतले आहेत, कारण दोन्हीकडे वाटा मागितला जातो आहे.

आमच्याकडे यंदाच्या छाटणीच्या पन्नासेक काड्या निघतील. विकायच्या नाहीत. ज्या विहाराला, अभ्यासिकेला, वस्तीतल्या घराला हव्यात त्यांनी घेऊन जाव्यात. अट एकच: तुमच्या झाडाची पुढच्या वर्षीची छाटणी फेकायची नाही, ती आणखी दोन घरांना द्यायची.

जय भीम! नमो बुद्धाय!